न हलणारे मैदान कसे हलवावे: मराठवाड्यात वाजवणाऱ्या रॉक बँडसाठी काही सूचना

मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात रॉक बँड प्रथमच उभा राहतो, तेव्हा समोरचे लोक बहुतेक वेळा हाताची घडी घालून बसलेले असतात. पहिले गाणे संपते, चार-दोन टाळ्या पडतात आणि पुन्हा सगळे शांत होते. गायकाला वाटते की गाणे लोकांना आवडले नाही. मग तो आवाज वाढवायला सांगतो, पुढचे गाणे ठरल्यापेक्षा जलद घेतो आणि तरीही काही घडत नाही असे दिसल्यावर लोकांवर चिडतो. हे तिन्ही उपाय नुकसान करणारे आहेत, कारण ते त्या शांततेचा चुकीचा अर्थ लावून केलेले असतात.

आपल्या भागातला श्रोता शब्द ऐकणारा श्रोता आहे. कीर्तन, भारूड, गोंधळ, पोवाडा, भीमगीतांचे जलसे, कव्वाली आणि संभाजीनगर, परभणी, नांदेडकडचे मुशायरे या सगळ्या प्रकारांत शब्द आधी पोचतो आणि दाद नंतर येते. पैठणला एकनाथांची भारुडे, गंगाखेडला जनाबाई, नरसीला नामदेव अशी ज्या मुलखाची ओळख आहे, तिथे गाणे म्हणजे कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगणे, हीच समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. असा श्रोता शब्द कळेपर्यंत गप्प राहतो आणि त्याचे गप्प राहणे हे बहुधा ऐकणेच असते. म्हणून बँडने आधी त्याचा कान मिळवावा, मग हात आणि त्यानंतर गळा. उठून नाचणे सर्वांत शेवटी येते, काही गावांत ते येतच नाही, आणि ते आले नाही म्हणून कार्यक्रम पडला असे मुळीच समजू नये.

गावाला जाण्याआधी

संयोजकांना पहिला प्रश्न मानधनाचा विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा. परंतु त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आपल्या आधी कार्यक्रमात काय आहे, पुढच्या रांगांत कोण बसणार आहे आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी किती वाजेपर्यंत आहे?

आधी काय आहे, याचे उत्तर बहुधा दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मान्यवरांचे सत्कार आणि भाषणे असे असते. पत्रिकेवर सात वाजता लिहिलेला बँड प्रत्यक्षात नऊ वाजता रंगमंचावर चढतो आणि तोवर लोक दोन तास प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून थकलेले असतात. त्यांचा निरुत्साह बँडमुळे निर्माण झालेला नसतो, पण तो दूर करणे मात्र बँडच्याच वाट्याला येते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्या जागी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण तुमचा कार्यक्रम त्या दिवशी आहे की नाही, हे संयोजकांकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे. यावरून एक काम ठरते: एकाच कार्यक्रमासाठी गाण्यांच्या तीन याद्या तयार ठेवाव्यात, एक तासाभराची, एक चाळीस मिनिटांची आणि एक पंचवीस मिनिटांची. ऐनवेळी रंगमंचावर उभे राहून कोणते गाणे गाळायचे याची कुजबुज करणारा बँड श्रोत्यांना लांबूनही ओळखू येतो.

पुढच्या रांगांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. रंगमंचासमोर मान्यवरांसाठी सोफे मांडलेले असतात, भाषणे संपल्यावर बरेचसे मान्यवर निघून जातात आणि मग बँड व विद्यार्थी यांच्यामध्ये रिकाम्या सोफ्यांचा पट्टा उरतो. उत्साह पुढून मागे पसरतो. पुढे रिकामी जागा असेल तर मागच्या मुलांना टाळी वाजवण्याचाही संकोच वाटतो. संयोजकांना आधीच नम्रपणे सुचवावे की सोफे आणि रंगमंच यांच्यामध्ये सतरंज्या अंथराव्यात आणि विद्यार्थ्यांना तिथे बसू द्यावे. त्यामुळे कोणा मान्यवराचा अवमान होत नाही आणि शंभर-दीडशे तरुण चेहरे बँडच्या अगदी समोर येतात. मुलींसाठी वेगळी बाजू राखलेली असेल तर गायकाने त्या बाजूकडे पाठ फिरवून वाजवू नये. अनेक बँड सवयीने मुलांच्याच बाजूला तोंड करून वाजवतात आणि मग निम्मे मैदान गप्प का आहे, याचे नवल करतात.

शब्द ऐकू आले पाहिजेत

या लेखातील एकच भाग कोणी वाचणार असेल तर त्याने हा वाचावा. मराठवाड्यात भाड्याने मिळणारी ध्वनियंत्रणा पुष्कळदा मिरवणुकीच्या डीजेसाठी बांधलेली असते. तिच्यात खालच्या पट्टीच्या आवाजासाठी मोठमोठे स्पीकर असतात, छातीत धडधड होते आणि गायकाचा एक शब्दही तिसऱ्या रांगेच्या मागे नीट पोचत नाही. डीजेच्या गाण्याचे शब्द लोकांना आधीच पाठ असतात, त्यामुळे तिथे ते चालून जाते. तुमचे गाणे लोक पहिल्यांदाच ऐकत असतात.

ध्वनिव्यवस्थापकाशी दुपारीच जाऊन बोलावे, त्याच्यासोबत चहा घ्यावा आणि त्याला कामगार न समजता बँडचा एक वादक समजावे. गायकाच्या चॅनलवर साधारण 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापायला सांगावा, कारण त्यात शब्द नसतात. श्वासाचा आणि माइक हाताळल्याचा घरघराट तेवढा असतो. व्यंजनांचा स्पष्टपणा मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) चढवलेली विद्युत गिटार नेमकी तीच जागा अडवते. म्हणून कडवे चालू असताना गिटारवादकाने आपला आवाज त्या पट्ट्यात कमी ठेवावा आणि धृपद आल्यावर पूर्ण उघडावा. आपला आवाज कमी करायला गिटारवादक सहजासहजी तयार होत नाहीत, पण हा फरक तालमीतच अंगवळणी पडला तर रंगमंचावर त्यावर वाद होत नाही. बेस गिटार आणि ड्रमसेटचा मोठा ढोल यांनीही एकमेकांना जागा द्यावी, नाहीतर दोन्हींचा मिळून एक गडगडाट होतो आणि त्यातून ठेकासुद्धा कळत नाही.

मंगल कार्यालयात पत्र्याचे छत आणि गुळगुळीत फरशी असते. रिकाम्या दालनात आवाज फार घुमतो आणि माणसे भरली की त्यांच्या अंगाखांद्यांत, कपड्यांत तो बराच शोषला जातो. त्यामुळे दुपारी ऐकलेला आवाज रात्री तसाच राहील असे धरू नये. पहिल्या गाण्यात बँडचा एखादा मित्र मैदानाच्या अगदी मागे उभा करावा आणि शब्द कळतात की नाही एवढेच त्याने खुणेने सांगावे. खुल्या मैदानावर घुमण्याचा त्रास नसतो, पण जानेवारीतल्या रात्री गारठा पडतो आणि पोलादी तारा आकसून सूर चढतो. उलट प्रखर दिव्यांखाली त्याच तारा तापून सूर उतरतो. ट्यूनर पायाशी असावा आणि एक जण सूर मिळवत असताना दुसऱ्याने काहीतरी वाजवत राहावे. जनित्रावर चालणाऱ्या यंत्रणेत अर्थिंग बरोबर आहे का, हे माइकला ओठ लावण्याआधी टेस्टरने तपासावे. यात लाजण्यासारखे काही नाही, यात जिवाचा प्रश्न आहे.

आवाज बिघडला तर काय होते, याचे रॉकच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले उदाहरण 1965 सालचे आहे. अमेरिकेतील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायक-गीतकार बॉब डिलन विद्युत गिटार आणि बँड घेऊन उभे राहिले आणि श्रोत्यांपैकी काहींनी हुर्यो उडवली. ती नेमकी कशासाठी होती, यावर आजही वाद आहे. लोकसंगीताच्या मंचावर विद्युत वाद्ये आली याचा राग, अगदी मोजकी गाणी आणि शब्द ऐकू न येण्याइतका गढूळ आवाज अशी तिन्ही कारणे सांगितली जातात. थोड्या वेळाने डिलन साधी गिटार घेऊन एकटे परत आले आणि त्याच लोकांनी त्यांना ऐकून घेतले. मराठवाड्यातल्या बँडला यातून घेण्यासारखे हे आहे की बँडमधल्या किमान एका गाण्याची एक गिटार आणि एक गळा एवढ्यावर उभी राहणारी मांडणी तयार असावी.

पहिली दहा मिनिटे

सुरुवात बोलून करू नये. सूत्रसंचालकाने नाव घेतले की थेट वाजवायला लागावे, कारण भाषणांना कंटाळलेल्या लोकांना आणखी एक भाषण नको असते. पहिले गाणे छोटे असावे, मराठीत किंवा हिंदीत असावे, आणि त्यातला गळा पहिल्या वीस-तीस सेकंदांत ऐकू यावा. दीड मिनिटाची वाद्यांची प्रस्तावना आणि लांबलचक गिटारवादन नंतरसाठी ठेवावे. लोकांनी तुम्हाला स्वीकारल्यावर तेच वादन ते मन लावून ऐकतात. दुसरे गाणे पहिल्याला चिकटूनच सुरू व्हावे, म्हणजे टाळ्या वाजवाव्यात की नाही या संकोचाला जागाच उरत नाही. इंग्रजी गाणे वाजवायला हरकत नाही, पण ते तिसऱ्या-चौथ्या जागी यावे आणि त्याआधी एका वाक्यात ते कशाबद्दल आहे ते सांगावे.

बोलायचे ते दोन गाण्यांनंतर, आणि बँडमधल्या एकाच माणसाने. स्वतःचे नाव, गाव आणि पुढच्या गाण्याचा विषय एवढे पुरते. लातूरच्या मैदानावर ‘झोपलात का?’, ‘आवाज कुठाय?’ असे ओरडणे हा श्रोत्यांचा अपमान आहे आणि आपल्याकडे तो अपमान म्हणूनच घेतला जातो. जो गप्प बसून ऐकतो आहे त्याला आपल्या गप्प बसण्याची लाज वाटायला लावली, तर तो मोकळा होण्याऐवजी आणखी आक्रसतो. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांशी तुलना तर कधीही करू नये. गावाचे नाव घ्यावे, पण त्या गावाबद्दल खरोखर काही माहीत असेल तरच त्याची स्तुती करावी. अंबाजोगाईत उभे राहून मुकुंदराजांच्या गावात गातो आहोत एवढे मनापासून म्हटले, तरी पुढच्या रांगेतले प्राध्यापक मान वर करून पाहतात. ऊस, दुष्काळ, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा, रात्रीची बस यांवर तुमचे स्वतःचे गाणे असेल तर ते इथे म्हणावे. आपल्या जगण्याचे शब्द विद्युत गिटारवर ऐकण्याची सवय इथल्या तरुणांना फारशी नाही, आणि म्हणूनच त्याचा परिणाम मोठा होतो.

झीलकरी तयार करणे

पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी रं जी’ म्हणणारा झीलकरी आणि कीर्तनात बुवांचे धृपद उचलणारे टाळकरी इथल्या प्रत्येकाने पाहिलेले आहेत. बँडने संपूर्ण मैदानाला झीलकरी करायचे आहे, आणि ही कला परकी नसल्यामुळे ती शिकवावी लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

रॉकमध्ये याचे सर्वांत मोठे उदाहरण 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर घडले. ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात अनेक बँड होते, सुमारे 72,000 लोक होते आणि क्वीन या बँडच्या वाट्याला वीस मिनिटांच्या आसपास वेळ आला होता. गायक फ्रेडी मर्क्युरी यांनी दोन गाण्यांच्या मध्ये वाद्ये थांबवली आणि निव्वळ स्वरांच्या, शब्द नसलेल्या लकेरी घेतल्या. लोकांनी त्या जशाच्या तशा परत म्हटल्या. पहिली लकेर कोणालाही म्हणता येईल इतकी सोपी होती, आणि पुढच्या हळूहळू वाढत गेल्या. शब्द पाठ असण्याची गरज नव्हती, भाषा येण्याचीही गरज नव्हती.

हेच आपल्या मैदानावर करायचे असेल तर काही पथ्ये पाळावीत. लोकांनी म्हणायची ओळ चार-पाच अक्षरांची असावी आणि ती पुरुषांना व स्त्रियांना सारख्याच सहजतेने म्हणता येईल अशा मधल्या पट्टीत असावी. गायकाचा वरचा षड्ज लोकांच्या गळ्यात नसतो. ती ओळ लोकांकडे सोपवण्याआधी त्यांनी ती किमान तीनदा गाण्यातच ऐकलेली असावी. पहिल्या वेळी उत्तर कमी येईल, तेव्हा तोंड वाकडे न करता तीच ओळ बँडमधल्या इतर वादकांनी माइकवरून म्हणावी, म्हणजे श्रोत्याला आपला आवाज मिसळायला आधार मिळतो. पुढे बसलेला एखादा गट आधी तयार करावा, मग त्यांच्यासमोर दुसरी बाजू उभी करावी. सवाल-जवाबाची ओढ आपल्याकडे फार आहे, आणि दोन बाजूंत गाणे वाटून दिले की एरवी न गाणारेही गाऊ लागतात.

कव्वाल आणि शायर यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. ज्या ओळीवर मैफलीत हालचाल होते, त्या ओळीवर ते परत येतात आणि लोकांना पुरेपर्यंत तिथेच राहतात. रॉक बँडचे गाणे मात्र पुष्कळदा ध्वनिमुद्रणाप्रमाणे सेकंदांवर बांधलेले असते; ओळ रंगली तरी बँड पुढे निघून जातो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात किमान दोन गाण्यांत अशी उघडी जागा ठेवावी, जिथे दोन किंवा चार आवर्तने हवी तेवढी फिरवता येतील, आणि बाहेर पडण्याची खूण, म्हणजे गायकाचा वर गेलेला हात किंवा ड्रमवादकाचा ठरलेला तुकडा, सर्वांना पाठ असावी.

टाळीचाही एक हिशेब आहे. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पन्नास मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत ठेका पोचायला सुमारे 0.15 सेकंद लागतात आणि त्याची टाळी रंगमंचापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. मिनिटाला 120 मात्रांच्या गाण्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे मागची टाळी अर्ध्या मात्रेहून जास्त उशिरा ऐकू येते. ड्रमवादक तिच्यामागे गेला की गाणे रेंगाळत जाते आणि मैदान गोंधळते. त्याने आपल्या मॉनिटरवर, म्हणजे वादकांना ऐकू येण्यासाठी रंगमंचावर ठेवलेल्या स्पीकरवर, विसंबावे, गायकाने हात डोक्याच्या वर नेऊन टाळी दिसेल अशी वाजवावी आणि ती दर दुसऱ्या मात्रेवर मागावी.

हलगी आणि ड्रमसेट

लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात हलगी कडाडली की पाय हलतो, हे सांगायला नको. ड्रमसेट आणि हलगी यांची जुगलबंदी हा न हलणाऱ्या मैदानावरचा अतिशय प्रभावी उपाय आहे, पण तो शोभेसाठी करू नये. हलगी सांभाळणाऱ्या घरांना तिचा मान आणि मोबदला पुष्कळदा मिळालेला नाही. हलगीवादकाचे नाव बँडच्या वादकांबरोबर जाहीर करावे, त्याला वादकाइतकेच मानधन द्यावे आणि त्याच्यासोबत आधी तालीम करावी, म्हणजे ठेका तो ठरवील आणि ड्रमवादक त्याच्यामागे जाईल असेही काही तुकडे बसवता येतील. हलगीचे कातडे गारठ्यात सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी ती शेकावी लागते; मंडपापासून सुरक्षित अंतरावर त्याची सोय संयोजकांना सांगून ठेवावी. संबळवादक मिळाला तरी हेच नियम लागू आहेत. गोंधळाचे किंवा भक्तीचे शब्द घ्यायचे असतील तर ते पूर्ण आणि शुद्ध घ्यावेत, निव्वळ आरोळी उठवण्यासाठी तोडून वापरू नयेत.

वीज गेली तर रंगमंचावरून खाली उतरू नये. हलगी किंवा ढोलकी, साधी गिटार आणि सगळ्या बँडचे गळे घेऊन रंगमंचाच्या कडेला येऊन बसावे आणि लोकांनी नुकतीच म्हटलेली ओळ पुन्हा सुरू करावी. अनेकदा श्रोत्यांशी खरी जवळीक इथेच होते.

शांतता ओळखणे

ऐकणारी शांतता आणि कंटाळलेली शांतता यांत फरक असतो आणि तो रंगमंचावरून दिसतो. वादक बदलला की माना त्याच्याकडे वळत असतील, गाणे संपल्यावर टाळी उशिरा पण सर्व बाजूंनी येत असेल, मागे चहाच्या टपरीजवळ उभी असलेली मुले हळूहळू पुढे सरकत असतील, तर यादीत काहीही बदल करू नये. गाणे चालू असताना आपापसांतल्या गप्पा वाढत असतील आणि रांगाच्या रांगा उठत असतील, तर पुढचे लांब गाणे गाळून छोटे, शब्दांचे गाणे घ्यावे आणि वाद्ये कमी करावीत. आवाज वाढवणे हा अशा वेळी शेवटचा उपायसुद्धा नव्हे.

कधी कधी जागाच चुकीची असते. 1967 च्या जुलैमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांना अमेरिकेत द मंकीज या लोकप्रिय बँडच्या आधी वाजवायला लावले होते. समोरची अल्पवयीन मुले-मुली मंकीजच्याच नावाने ओरडत राहिली आणि थोड्याच कार्यक्रमांनंतर हेंड्रिक्स त्या दौऱ्यातून बाहेर पडले. त्यांच्या वादनात काही उणे नव्हते आणि त्या मुलांचेही काही चुकले नव्हते. बक्षीस वितरणाच्या आणि लावणीच्या मध्ये तुम्हाला वीस मिनिटे दिली असतील, तर पंचवीस मिनिटांच्या यादीतली तीन चांगली गाणी स्वच्छ वाजवावीत आणि आभार मानून उतरावे. पुढच्या वर्षासाठी स्वतंत्र वेळ मागण्याचा हक्क त्यातूनच मिळतो.

शेवटचे गाणे ते असावे ज्यात लोकांना गायचे आहे, आणि ते 9 वाजून 45 मिनिटांच्या आत सुरू व्हावे. ‘वन्स मोअर’ची हाक आली तर नवे गाणे काढू नये, लोकांनी म्हटलेले धृपदच पुन्हा घ्यावे, या वेळी कडवे गाळून, आणि दहाच्या ठोक्याआधी यंत्रणा बंद करावी. त्यानंतर वाद्ये आवरण्याचे काम दोघांवर सोपवून बाकीच्यांनी खाली उतरावे. गाणे कोणाचे होते, शब्द कुठे मिळतील, गिटार कुठे शिकवतात हे विचारायला मुले थांबलेली असतात, आणि त्यांच्यापैकी काही जण तीच मुले असतात जी तासभर हाताची घडी घालून बसलेली होती.